यादीतला पहिला, यादीतली शेवटची

शिक्षणाधिकाऱ्यांच्या दाराबाहेर एकच बाक होता. त्यावर बसलेला माणूस मला पाहून सरकला.

“तुम्हालाही सत्कारासाठी बोलावलंय?”

“नाही. झापायला.”

परीक्षेच्या निकालावरून लावलेली शाळांची यादी त्या सकाळी वर्तमानपत्रात आली होती. बेचाळीस शाळांत माझी बेचाळिसावी. तो पहिल्या शाळेचा मुख्याध्यापक निघाला.

“म्हणजे आपल्यात चाळीसच शाळा,” मी म्हणाले.

“एवढं तर… चालत येता येईल,” तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

आत साहेबांनी मला सुनावलं, “कच्ची मुलं परीक्षेआधी गाळा. नाहीतर खुर्ची सोडा.”

“मुलं गाळणार नाही,” मी म्हणाले. शेजारी तो खाली मान घालून बसला होता.

शनिवारी तो खरंच आला. कच्च्या मुलांच्या जादा तासाला जमिनीवर मांडी घालून अपूर्णांक शिकवू लागला. मग दर शनिवारी.

“पहिल्या नंबरचे सर आमच्याकडे कसे?” मुलं विचारायची.

“शिकायला येतो…” तो माझ्याकडे बघत म्हणायचा.

“बाई, पाहुणे काही गणितासाठी येत नाहीत हं!” आमच्या शिपाईमावशी म्हणाल्या. मला हसू आवरेना.

चौथ्या शनिवारी एक मुलगी पहिल्यांदाच तासाला आली. त्याला पाहून दारातच थबकली.

“सर, इथूनही काढणार मला?”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. व्हरांड्यात येऊन तो कसाबसा बोलला, “एकोणीस मुलं… परीक्षेआधी दाखले देऊन घालवली मी. नंबरासाठी.”

“यापुढे येऊ नका,” मी म्हणाले आणि त्या मुलीला वर्गात घेऊन गेले.

दहा दिवसांनी त्याच वर्तमानपत्रात त्याचं पत्र छापून आलं. एकोणीस मुलांचा हिशेब, खाली सही. ‘आमचा पहिला क्रमांक खोटा आहे.’ संस्थेनं त्याचं मुख्याध्यापकपद काढून घेतलं.

मी त्याच्या शाळेत गेले. सहावीचा तास सोडून तो दाराशी आला. बाहीला खडू लागलेला.

“रागवायला आलात?”

“राग आहेच. जायला वेळ लागेल… पण तोवर तुम्ही लांब राहावं, असं नाही वाटत मला.”

त्यानं बाहीवरचा खडू झटकला.

“तुम्ही आवडता मला. पहिल्या दिवसापासून. पण सांगायला तोंड नव्हतं.”

“आता आहे?”

“आता… लपवायला काही उरलं नाही.” त्यानं मागे पाहिलं. सगळा वर्ग माना उंचावून आमच्याकडे बघत होता. “शाळा सुटेपर्यंत थांबाल?”

मी मान हलवली. तेव्हा कुठे तो फळ्याकडे वळला.