दोनशे चाळीस मिलिग्रॅम

आमच्या खोलीत पंखा नाही. खिडक्या आहेत, पण त्या उघडायच्या नसतात, आणि कोणी नवखा उघडायला गेलाच तर मी त्याचा हात धरते. माझं काम वजनं तपासायचं. औषधांच्या कारखान्यात, सोनारांकडे, प्रयोगशाळांत जी मापं वापरतात ती खरी आहेत की नाहीत, हे आमच्या खोलीत ठरतं. आमच्या तराजूला शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा श्वासही कळतो. मापाला बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायचं. एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने वहीत लिहायचा. लिहिलेलं खोडायचं नाही आणि आकड्यावर मत द्यायचं नाही.

लिहिणारे माझे सहकारी. दर मापाआधी ते "शून्य पाहिलंत का?" असं विचारतात, म्हणून सगळे त्यांना शून्यराव म्हणतात. ते चिडत नाहीत. चिडायला लागते तेवढी हवा आमच्या खोलीत नसते.

मुलगी झाली, त्यानंतर चौथ्या महिन्यात मला गोळी सुरू झाली. तेव्हा मी दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, आणि पोर रडली की ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरात रडतेय असं वाटायचं. गोळीने मला उठवलं, हे मी कबूल करते. "सहा महिने घ्या," डॉक्टर म्हणाले होते. मुलगी आता बारा वर्षांची आहे.

बारा वर्षांत मला अकरा किलो वजन, बारमाही घाम आणि भर बैठकीत येणाऱ्या जांभया मिळाल्या. नवऱ्याचा हात अंगावर आला की माझं लक्ष घड्याळाकडे जायचं. पण त्याचं काही नाही, माणूस कशालाही सरावतो. मला खरं खुपलं ते वडील गेले तेव्हा. मी आलेल्यांना पाणी दिलं, खुर्च्या मोजून मागवल्या, वर्तमानपत्रात द्यायच्या मजकुरातल्या दोन चुका काढल्या. आत्या सगळ्यांना सांगत होती, "पोरगी खंबीर आहे हो." मी खंबीर वगैरे काही नव्हते. मला काहीच होत नव्हतं. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून पोहायला नेलं, त्याच्यासाठी माझ्या डोळ्यांतून टिपूस आला नाही, आणि मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. आई अशीच असते, हे ती शिकत होती.

तेव्हा मी ठरवलं. मला बाबांसाठी एकदा रडायचं होतं, आणि पोरीने ते बघायला हवं होतं. एवढंच.

डॉक्टर म्हणाले, "सोडायची तर माझ्या देखरेखीखाली, सावकाश."

"कधी सुरू करायचं?"

"बघू की. आता सगळं छान चाललंय ना? मिस्टर काय म्हणतात?"

मिस्टर शेजारीच बसले होते. "एकदम छान चाललंय," ते म्हणाले. घरी येताना गाडीत त्यांनी मला समजावलं, की उगाच चांगल्यात नाट लावू नकोस. सासूबाईंनी तर हातच जोडले. "ती बारा वर्षांपूर्वीची तू मला परत नको गं बाई. आत्ताची सून किती गुणाची आहे." बोलताना त्या माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला बघत होत्या.

मग मी कोणालाच न सांगता सुरू केलं. कोणीही असं करू नये, हे मला कळतं. पण इतरांकडे माझ्यासारखा तराजू नसतो. गोळीचं वजन होतं दोनशे चाळीस मिलिग्रॅम. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी आठवड्याच्या सात गोळ्या बारीक कानशीने घासायचे. पहिल्या आठवड्यात प्रत्येकीतून दहा मिलिग्रॅम कमी, दुसऱ्यात वीस, असं. चोवीस आठवड्यांत मी मोकळी होणार होते.

आणि घासून निघालेली भुकटी मी जपून ठेवली. दुसऱ्या कोणीही ती फुंकून टाकली असती. आमच्या कामात मात्र मापातून काढलेला कण न् कण बाटलीत ठेवतात, काढलेलं आणि उरलेलं मिळून मूळ वजन भरेपर्यंत. ती रीत माझ्या अंगवळणी पडलीय. भुकटी मी तपकिरी काचेच्या छोट्या बाटलीत भरायचे आणि बाटली स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवायचे. ती चूक माझी.

तिसऱ्या आठवड्यात डोक्यात झटके सुरू झाले. डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले की कवटीच्या आत वीज चाटून जायची. असं होतं, हे मी वाचलं होतं. मग वास परत आले. सासूबाईंच्या तेलाचा, ओल्या पायपुसण्याचा, नवऱ्याच्या बुटांचा. आणि वासांमागून राग आला. बारा वर्षांनी भेटलेल्या माहेरच्या माणसासारखं मी त्याचं स्वागत केलं.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी बाथरूमच्या दारात उभी होते. मुलगी बूट घालत होती. ती मान न वळवता स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली, "हो आई, घेतली."

"काय घेतलीस?" मी विचारलं.

ती दचकली. "पाण्याची बाटली. तूच विचारलंस ना आत्ता?"

मी विचारलं नव्हतं. दात घासत होते मी.

मी ते गोळीच्या माथी मारलं. विस्मरण, भास, सगळं गोळ्यांच्या खोक्यातल्या छापील चिठ्ठीत लिहिलेलं असतंच. दोन दिवसांनी सासूबाईंनी भांड्यांवरून मला असं काही सुनावलं, की तोंडून भलतंच निघेल म्हणून मी गच्चीत गेले आणि तासभर तिथेच येरझाऱ्या घातल्या. खाली आले तर नवरा खूश. "आईशी किती समजुतीने बोललीस आज. मला खरंच बरं वाटलं."

"कधी बोलले?"

"आत्ता गं. तासभर बसला होतात की दोघी."

सासूबाई डोळे पुसत होत्या. त्यांच्या समोरच्या खुर्चीची उशी मध्यभागी दबलेली होती.

आठव्या शनिवारी नवी भुकटी भरायची म्हणून मी बाटली कामावर नेली होती. आधीच्या सात आठवड्यांची मिळून एक हजार नऊशे साठ मिलिग्रॅम हवी होती. बाटली रिकामी होती. एरवी मी तपकिरी काचेतून आत न बघताच भुकटी ओतायचे; त्या दिवशी ती उजेडात धरली. आत बोटाचा काय, हवेचाही ठसा नव्हता. त्या दिवशीची पाचशे साठ मिलिग्रॅम मी त्यात भरली, बाटली घरी नेऊन जागेवर ठेवली आणि सोमवारपासून रोज तराजूवर आणून तोलायला लागले. सोमवारी आत चारशे होती. मंगळवारी तीनशे वीस. बुधवारी मी शून्यरावांना वाचायला लावलं आणि स्वतः लिहायला बसले.

"दोनशे चाळीस," ते म्हणाले.

रोज ऐंशी जात होती. त्या आठवड्यात माझ्या गोळीतून कमी झालेली ऐंशीच. म्हणजे आमच्या घरात रोज सकाळी अजूनही पुरी दोनशे चाळीस मिलिग्रॅम घेतली जात होती. फक्त ती सगळी माझ्या पोटात जात नव्हती.

शून्यरावांनी चिमटा खाली ठेवला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण आकड्यावर मत द्यायचं नसतं. ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

त्या संध्याकाळी मी भुकटी बेसिनमध्ये ओतली, नळ मोठा सोडला, बाटली ठेचून केरात टाकली. नंतरची भुकटी मी कामावरच पाण्यात सोडायला लागले. महिनाअखेरीला नवरा औषधांचं कपाट उघडून म्हणाला, "गोळ्या लवकर संपतायत. दोन-दोन घेतेस की काय?" आणि हसला. "घे बाई. मी आणतो."

चौदाव्या आठवड्यात मी कामावर पोहोचले तेव्हा शून्यराव माझ्या खुर्चीकडे पाठ करून उभे होते.

"तुमचा फोन आला होता," ते म्हणाले.

"माझा?"

"घरून. अर्ध्या तासापूर्वी. आज येणार नाही, पोरीची शाळेत बैठक आहे म्हणालात. तुमचाच आवाज. म्हणजे, आधीचा." त्यांनी वहीकडे बोट केलं. "मी रजा लावली. आता खोडता येत नाही."

शाळेच्या बैठकीचं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी धावत शाळेत गेले. बैठक संपली होती आणि बाई वर्गाला कुलूप लावत होत्या. त्यांच्या हातातल्या हजेरीच्या यादीत माझ्या नावापुढे सही होती. अगदी माझी, फक्त घाई नसलेली. बाई म्हणाल्या, "त्या आत्ताच गेल्या. आपण कोण?"

घरी मी पहिल्यांदा ओरडले. बारा वर्षांचं ओरडले. या घरात माझ्या जागी कोण वावरतंय, असं सरळ विचारलं. नवऱ्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. मी रिमोट हिसकावून भिंतीवर फेकला. त्याचे दोन तुकडे झाले. नवऱ्याने ते उचलले, जोडले आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, "पडला गं. काही नाही."

मला त्या क्षणी त्या सगळ्यांचा असा संताप आला, की सांगून सोय नाही. त्यांना मी दिसत नव्हते असं नाही. दिसत होते. सासूबाई माझ्या वाटेतून पाय आवरून घ्यायच्या. त्यांनी निवड केली होती.

परत पुरी गोळी घेऊन बघावी का? हा विचार मी केला. रोज केला. पण मग बाबा पुन्हा नुसता छापील मजकूर झाले असते.

विसाव्या आठवड्यात घरातल्या बोळातून जाताना मुलगी समोरून आली. तिने भिंतीला टेकून मला वाट दिली आणि किंचित हसली. जिन्यात भेटलेल्या माणसाला देतात तसं ते हसू होतं. मी तिचा दंड धरला. "अगं, मी आहे." ती घाबरली. तिच्या दंडावर माझी बोटं उमटली, तेव्हा मी हात सोडला.

चोविसावा आठवडा सुरू झाला, आणि घ्यायला काही उरलं नाही.

रविवार होता. दुपारचं ऊन पलंगावर पडलं होतं. मी चादरीच्या घड्या घालत होते, आणि कशानेही नाही, घडी घालताना कोपऱ्याला कोपरा जुळला तेवढ्याने, बाबा गेले हे मला कळलं. मी खाली बसले. आवाज पोटातून आला. असा आवाज माझ्यात आहे, हे मला माहीत नव्हतं. नाक वाहत होतं, श्वास अडकत होता, आणि मी सुखाने, अक्षरशः सुखाने, रडत होते.

आता पोरीने यायला हवं, असं वाटलं.

बाहेर ताटं मांडल्याचा आवाज येत होता. मी तशीच उठले आणि तोंड न पुसता बाहेर गेले.

टेबलावर चार ताटं होती. तिघं बसली होती. चौथी खुर्ची मागे सरकवलेली होती, आणि आत गॅस बंद झाल्याचा आवाज आला.

नवरा आणि सासूबाई आपापल्या ताटात बघत राहिले.

मुलगी उठली. माझ्यासमोर आली. तिने माझा चेहरा नीट पाहिला, ओले गाल, सुजलेलं नाक, सगळं. इतक्या जवळून तिने मला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. गुणी पोर आहे माझी.

"बाळा," मी म्हटलं, "मी—"

मी बोलून संपवेन म्हणून ती थांबली. मी हुंदकेच देत राहिले.

मग तिने मोठ्या माणसांशी बोलताना खाली आणतात तसा आवाज खाली आणला.

"काकू," ती म्हणाली, "आई विचारतेय, तुम्ही जेवून जाणार का?"