राहीचं उखळ

दोष माझ्या थोरल्या चुलत्याचा, कोंडाजीचा. म्हातारा झाला, आता सोड त्याला, असं गाव म्हणतं. मी सोडत नाही.

आमचं गाव रायगडाच्या पायथ्याशी, महाडच्या अंगाला. राजधानी बघायला शहरी माणसं आली की काका त्यांना ओट्यावर बसवी आणि आपला पूर्वज गडाच्या धान्यकोठाराचा हवालदार होता, एवढंच ऐकवी. त्याच हवालदारानं राही नावाच्या कांडपिणीवर मूठभर तांदळाच्या चोरीचा आळ घेतला आणि तिच्याच उखळात तिची बोटं ठेचली, हे मात्र गिळून टाकी. ते उखळ गडवाटेच्या कडेला पडलेलं. दर साली नव्या भाताची पहिली मूठ आमच्या घरानं त्यात न कांडता ठेवायची आणि आत हात न घालता परतायचं, एवढंच प्रायश्चित्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

सत्तावन्न साली एका पाहुण्यानं त्या उखळाबद्दल विचारलं. काकाला ते झोंबलं. त्यानं मूठ ठेवणं बंद केलं, आणि मुलीच्या लग्नाचे तांदूळ कांडायला म्हणून उखळच उचलून पडवीत आणून बसवलं.

मी मॅट्रिकच्या आधीच शाळा सोडलेली. म्हटलं, काका, त्यात आईला हात घालायला लावू नका. शाळेला नको झालेल्यानं मला शिकवू नये, म्हणाला. आमच्यात थोरला दीर भावजयीशी थेट बोलत नाही. म्हणून वर मलाच हुकूम,

"सांग तुझ्या आयेला, बस म्हणावं."

आई, ठमाबाई, पदर सावरून बसली.

भर दुपार. काकी रंगूबाई मुसळ घाली, आणि दोन घावांच्या मधे आई हातानं भात खालीवर करी. धप्... धप्... पडवीभर कोंड्याचा वास. मी आईच्या बोटांवरून नजर काढली नाही. मग घाव दुप्पट ऐकू यायला लागले. काकीचं मुसळ वर असतानाही खाली एक पडत होता...

"हात काढ, गो..."

आवाज बाईचा, अगदी जवळून. आईनं हात ओढला. लगेच उखळात घाव बसला. तो काकीचा नव्हता. तिनं मुसळ छातीशी धरलेलं.

काका हसला. "पोरानं पढवून ठेवलंय दोघींना."

काकी मुसळ भिंतीला टेकवून मागं सरली. काका उकिडवा बसला आणि अंगठीचा उजवा हात भातात घातला.

"बघा. काय हाय? चावतंय का?"

मी कान देऊन होतो... मघाची बाई या खेपेला काहीच बोलली नाही. मी त्याला हात काढ म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

एकच घाव.

काका ओरडला तेव्हा मुसळ भिंतीशीच होतं. मुसळाच्या लोखंडी कड्याला कोंडा होता, रक्त नव्हतं. सगळं भात उपसलं, बोटं सापडली नाहीत.

उखळ मी आणि आई परत गडवाटेला ठेवून आलो. पहिली मूठ आता मी ठेवतो. सकाळी ठेवलेलं भात दुपारी कांडून पांढरं झालेलं असतं. यंदा उखळाशेजारी सांडलेल्या कोंड्यात हाताचा ठसाही होता. अंगठा बाईचा, बारीक. बाकीची चार बोटं जाड, आणि त्यातल्या एकावर अंगठीचा वळ.

काकाची उजव्या हाताची चार बोटं गेली. तो डाव्या हातानं जेवतो, आणि पंगतीला त्याला कोणी बोलावत नाही.