आधी लोखंडाला हात

पहिल्याच दिवशी दोघांचे हात एकदम दुकानाच्या दाराकडे गेले, बोटाला बोट लागलं आणि... चट्!

"आई गं! काय हो, अंगात वीज घेऊन फिरता की काय?"

"मी नाही, तुम्ही," तो हसला. "नायलॉनचा स्वेटर, रबरी बूट, त्यात ही कोरडी हवा. घासून घासून अंगावर वीज साठते. वाट मिळाली की उडी मारते."

तो तिथला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, ती काउंटरवर नवीन लागलेली. काम करताना त्याच्या मनगटाला पट्टा असे. पट्ट्याची वायर थेट जमिनीशी जोडलेली, म्हणजे अंगावर वीज साठायलाच नको. तेवढीशी ठिणगीही नाजूक चिपला पुरते. "दावणीला बांधलंय तुम्हाला," ती चिडवायची. त्याच्या टेबलाशी जायचं तर नियम एकच – आधी टेबलाच्या लोखंडी कडेला हात लावायचा.

ती इमानेइतबारे लावायची, मगच चहा ठेवायची. अंगावरची वीज तिथंच उतरायची, पण मनातलं काही केल्या उतरत नव्हतं बाई! संध्याकाळी कुलूप लावताना कधी हात लागायचा, चट् व्हायचं, दोघं हसायचे. तेवढ्यावर तिचा दुसरा दिवस निघायचा.

"पावसाळ्यात हवा दमट झाली की थांबेल हे," तो एकदा म्हणाला.

यंदा पाऊस उशिरा आला तरी चालेल, तिनं मनात म्हटलं.

मग एका दुपारी मालकीणबाई सहज बोलून गेल्या, "त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली गं. उद्या निघतोय. हातातलं काम तेवढं संपवतोय."

ती तरातरा आत गेली.

"उद्या जाताय? आणि मला सांगायचंसुद्धा नाही?"

"अं... सांगणारच होतो. एवढा बोर्ड होऊ दे –"

"ठेवा हो तो!" लोखंडाला हात न लावताच तिनं त्याच्या हातातून बोर्ड ओढला.

चट्!

त्यानं बोर्ड तपासला, मान हलवली. "चिप गेली. नवी मागवावी लागेल. चार-पाच दिवस तरी मोडणार."

तिचे डोळे भरून आले. "मुद्दाम नाही केलं, शप्पथ. पण खोटं कशाला बोलू... तेवढे दिवस तू इथं राहशील, म्हणून बरंच वाटतंय मला."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिचं तिलाच कळलं नाही.

"आणि नंतर?" त्यानं हळूच विचारलं.

"नंतर जा. पोटापाण्याचं आहे, मी कशाला अडवू? पण मला तू आवडतोस... फार आवडतोस. एवढं ऐकून जा, नाहीतर जन्मभर चुटपुट लागेल."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठं बोललास!"

तो घसा खाकरत म्हणाला, "तिथं खोली शोधायचीय. एकट्यापुरती बघणार होतो... दोघांना पुरेल अशी बघू?"

तिनं बाहीनं डोळे पुसले.

"बघ. पण आधी घरी येऊन बाबांना विचार."