दर पंधरा दिवसांनी

"अहो, ही चाचणी उंदरांवरची आहे."

हॉस्पिटलातल्या झेरॉक्सच्या रांगेत मागून आवाज आला आणि तिने गर्रकन मान वळवली. दोन दिवस इंटरनेट उपसून तिने एकेचाळीस पानं काढली होती, आणि हा कोण टिकोजीराव खांद्यावरून डोकावून वाचतोय!

"आणि ती खालची... प्रोस्टेटची. फक्त पुरुषांसाठी," तो चाचरला. "रुग्ण कोण आहे?"

"मावशी. आतड्याची गाठ, यकृतापर्यंत गेलीय. दोनदा औषधं बदलली, उपयोग नाही." रागात सुरू झालेला तिचा आवाज मध्येच ओला झाला. "नव्या औषधाच्या एखाद्या चाचणीत तिला घेतलं तर... तिनेच वाढवलंय हो मला."

तिथेच काउंटरवर त्याने पेन्सिल काढली आणि एकेक पान खोडायला घेतलं. एकेचाळिसातली तीन पानं उरली. त्यातली एक चाचणी याच हॉस्पिटलातली, आणि तिचे फॉर्म, सह्या, तारखा सांभाळणारा माणूस म्हणजे तोच! आता याला काय म्हणावं?

ती कपडे शिवायची. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मावशीला तपासण्यांना आणू लागली. संमतीपत्र चांगलं चोवीस पानांचं. तो एकेक ओळ सावकाश समजावून सांगायचा, आणि ही बया त्याच्या शर्टाचं लोंबतं बटण बघत बसायची.

"गुण येईलच असं नाही. आणि कधीही बाहेर पडता येतं," तो म्हणाला.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटून चालत नाही."

"कध्धीच?"

"म्हणजे... ऑफिसच्या वेळेत तरी नाही."

त्याचे कान लालबुंद झाले. डोळे मिटून पडलेली मावशी पुटपुटली, "अगं बाई, औषध मला आणि गुण यालाच येतोय वाटतं!"

हसता हसता तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांनी मावशी अशी हसली होती.

सहीच्या दिवशी मात्र त्याच्या खुर्चीत एक वयस्कर सिस्टर बसल्या होत्या. "तुमची फाइल त्याने सोडली. आज सकाळी स्वतःच सांगितलं."

मावशीला बाकावर बसवून तिने त्याला जिन्यात गाठलं.

"इतके जड झालो आम्ही?"

"नाही हो." तो कठड्याला टेकला. "काल सकाळी मावशींच्या गाठीचा जनुकांचा रिपोर्ट आला. तुमच्या तीन पानांतली ती दुसरी चाचणी आहे ना, तिचं औषध नेमकं तसल्याच गाठीवरचं आहे. चार तासांवरचं हॉस्पिटल, दोन जागा उरल्यात. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनाही पटलं. ते बोलावतीलच आता तुम्हाला."

"मग हे चांगलंच आहे की!"

"डॉक्टरांना मी संध्याकाळी दाखवलं. दिवसभर तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता." त्याने मान खाली घातली. "इथे नाव लागलं असतं, तर मावशींच्या सलाइनला तुम्ही दर पंधरा दिवसांनी दिसला असता... म्हणून. असल्या माणसाच्या हातात मावशींची फाइल नको."

क्षणभर तिला त्याला बदडून काढावंसं वाटलं. मावशीचा एक अख्खा दिवस! आणि त्याच क्षणी कळलं, की हे त्याने सांगितलं नसतं तर कुणालाही कधी कळलं नसतं. खोटं बोलायलाही अंगात कला लागते. या माणसात ती औषधालाही नव्हती.

"आधी त्यांचा नंबर द्या," ती म्हणाली. "भांडण मागाहून करू. आणि भांडायला तुम्हालाच यावं लागेल तिकडे... चार तास."

"येईन," तो इतक्या घाईने म्हणाला, की हसू दाबताना तिच्या नाकी नऊ आले.

दोनातली एक जागा मावशीला मिळाली. पहिल्या सलाइनच्या सकाळी तो पहाटेची बस पकडून आला. घामेजलेला, केस विस्कटलेले. चुरगळलेल्या शर्टात दारातच उभा. आतल्या सिस्टरने नोंदवही उघडली.

"पेशंटबरोबर कोण कोण आहे? तुम्ही?"

"मी भाची."

"आणि हे?"

तो गडबडला. "मी... ओळखीचा."

"ओळखीचा कसला?" तिने त्याचा हात धरून त्याला आत ओढलं. "माझा आहे हा. लिहा तसंच."