ऐकता पाळणा

नीतिसमितीच्या बैठकीत पाळणा येण्याची ही पहिलीच वेळ. चहाचे कप आणि फायली बाजूला सारून लोखंडी स्टँडवर तो टांगला होता, आणि त्यात चित्राची पाच महिन्यांची मिहिका पाय उडवत होती.

"अर्जदार फारच लहान दिसतायत," अध्यक्ष धोंगडेबाई म्हणाल्या. त्या निवृत्त न्यायाधीश. जिल्ह्यात माणसांवर कुठलंही संशोधन करायचं तर या समितीची मंजुरी लागे. चित्रा तिथे सामान्य नागरिकांची प्रतिनिधी होती. सांभाळायला कोणी नसलं की बाळही बैठकीला येई.

संशोधनाचा अर्ज आणि पाळणा घेऊन आलेल्या डॉ. वाडेकरांनी पाळण्याच्या कडीतली बटणाएवढी चकती दाखवली. "ही बाळाला नाही, आईला ऐकते. अंगाई म्हणताना श्वास कुठे तुटतो, आवाज कुठे सपाट होतो, त्यावरून बाळंतिणीचं नैराश्य आधीच ओळखते. आम्ही याला स्वरनिदान म्हणतो. यामुळे नर्सताई वेळेवर पोचतात का, ते गावोगावी तपासायचंय. चित्राताई, चाचणीपुरतं तुमचं रेशनकार्ड याला जोडलंय, म्हणा ना काहीतरी."

चित्रानं लाजत दोन ओळी गुणगुणल्या. मिहिकानं जांभई दिली. चकतीवर पिवळा दिवा लागला आणि थोड्याच वेळात चित्राचा फोन वाजला. घाईत तो स्पीकरवर लागला.

"काय गं, बरी आहेस ना?" सासूबाई होत्या, नांदगावहून. "मला मेसेज आला, सूनबाईंचा आवाज उदास आहे म्हणून! प्रशांत काही बोलला का? येऊ का मी?"

"अहो आई, बैठकीत आहे. मशीनची परीक्षा चाललीय."

"मग नापास कर मेल्याला. आणि जेवलीस का?"

सगळे खो खो हसले. वाडेकर ओशाळले. "मेसेज नर्सला जातो आणि रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुखाला. म्हणजे घरातली सगळ्यात मोठी बाई. बाईचं दुःख बाईला कळावं, म्हणून मुद्दाम..."

"डॉक्टर," चित्रा म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पाळणा तिथेच. पोरगी आईजवळ मोकळी होणार आणि मेसेज जाणार सासरी? बारशाला सगळे तोंड फुगवूनच येतील की!"

वाडेकरांनी कपाळाला हात लावला. "हे आमच्या एकाही चर्चेत निघालं नाही."

"चर्चेला बाळंतिणी किती होत्या?" धोंगडेबाईंनी विचारलं.

"एकही नाही." वाडेकरांनी फाईल मिटली. मग पडेल आवाजात म्हणाले, "म्हणजे नामंजूर?"

"नाही, नाही!" चित्रा घाईनं म्हणाली. "मिहिका झाली तेव्हा दीड महिना मी हसत होते, आल्यागेल्याला पेढे देत होते, आणि आत नुसतं रिकामं. तिला घेतलं तरी हात दुसऱ्याच कोणाचे वाटायचे. कोणालाच कळलं नाही. ही चकती तेव्हा हवी होती." तिनं पाळण्याला हलका झोका दिला. "फक्त आईला विचारा. एकटीला, ती असेल तिथे जाऊन. कोणाला कळवायचं ते तिनंच सांगावं. नर्सला की नाही, तेसुद्धा. आणि नको वाटलं की चकती काढून टाकता यावी."

"एवढं करा, मी लगेच सही करते," धोंगडेबाई म्हणाल्या.

वाडेकरांची कळी खुलली. त्यांनी तिथेच लॅपटॉप उघडला. "ताई, नमुना म्हणून तुमचंच भरतो. कोणाचं नाव घालू?"

चित्रा एकेक नाव मनात घेऊन पाहू लागली. आईची झोप उडाली असती. प्रशांत घाबरला असता. सासूबाई पहिल्या एसटीनं आल्या असत्या, डिंकाच्या लाडवांच्या डब्यासकट. सगळी मायेचीच माणसं. पण तेव्हा यातलं एक तरी नाव तिच्या तोंडून निघालं असतं?

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "एखाद्या आईला कोणाचंच नाव सुचलं नाही, तर पाळण्यानं काय करायचं?"