बिनभोकाचं मायफळ

सुदामचं दीड महिन्याचं लेकरू पोटदुखीनं रडून रडून सुकत चाललं होतं. दवाखाने झाले, औषधं झाली. शेवटी ज्ञानेश्वरीनं नवऱ्याला घुटीच्या मायफळासाठी उमरीला पिटाळलं.

जडीबुटीवाले हनीफचाचा बोलघेवडे. मायफळ हे फळच नव्हे, ते सांगू लागले. दूर थंड डोंगरात बलूत, म्हणजे ओकचं झाड असतं, बारमाही हिरवं. लाकूड असं चिवट की औजारांना दांडे करावेत. सालीनं कातडं कमवावं. त्याच्या डहाळीत एक माशी अंडं घालते, आणि झाड बिचारं त्या परक्या जिवाभोवती स्वतःच्या अंगाची गाठ वाढवतं. तीच ही गाठ.

"लेकराला भोकाचंच द्यायचं, बेटा," चाचा आवाज खाली आणून म्हणाले. "आतला निघून गेलेला असतो. बिनभोकाचं रंगाऱ्याला."

पण सुदाम पडला शेतकरी. भोकाची ज्वारी, भोकाचा हरभरा त्यानं जन्मभर किडका म्हणून बाजूला काढलेला. चाचा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळताच त्यानं त्यांनी दिलेलं भोकाचं मायफळ परत डब्यात टाकलं आणि एक गुळगुळीत, जड उचललं.

सांजेला ज्ञानेश्वरीनं सहाणेवर वेढे उगाळून लेकराला चाटवले. लेकरू गप्प झालं. दोघांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशीही ते गप्पच. दूध पीत नव्हतं, तरी गाल भरत होते. डोळे मिटत नव्हते.

"अवो... ह्याच्या अंगाला आपल्या लेकराचा वास न्हाई," ज्ञानेश्वरी कुजबुजली.

सुदामनं तिला वेड्यात काढलं, पण ती वळताच त्यानंही लेकराला हुंगून पाहिलं.

दिवेलागणीला रडणं ऐकू आलं. तेच, मध्येच श्वास अडकणारं. सुदाम आनंदानं झोळीकडं धावला. लेकरू टक्क डोळ्यांनी शांत पडलं होतं. रडणं अंगणातून येत होतं.

ज्ञानेश्वरी कडुलिंबाच्या खोडाला कान लावून उभी होती. काल सरळ असलेल्या खोडावर घागरीएवढी गाठ आली होती. सुदामनं हात लावला. साल कोमट लागली. ज्ञानेश्वरीला पान्हा फुटून झंपर भिजलं होतं.

त्यानं कुऱ्हाड उचलली.

"नका..." तिनं गाठीला मिठी मारली. "आत लागंल त्याला."

कुऱ्हाड तशीच वर राहिली. तेवढ्यात घरातून, झोळीतून, शांत आणि स्पष्ट हाक आली.

"बाबा... आत या."