वरच्या फळीवरची चौथी

ही घटना खरी आहे. तुम्हाला ती पटलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही, पण खोटं सांगण्याचं काही कारणही नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं ती नेझा माझ्या शेजारच्या टेबलावर सरोवराच्या तळाचा गाळ तपासायची. आकडा पडताळून पाहिल्याशिवाय तोंड न उघडणारी मुलगी. तिनं मला हे सगळं एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढू नकोस, असंही बजावलं.

गाव कुओपिओ, फिनलंड. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार.

रात्र नव्हती.

दुपारचे साडेतीन वाजले होते. पण नोव्हेंबरात तिथं त्या वेळी रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात, आणि खिडकीच्या काचेत बाहेरचं काही दिसत नाही. आपणच दिसतो.

नेझा मूळची स्लोव्हेनियाची. विद्यापीठात तिचं एम.एस्सी.चं दुसरं वर्ष होतं. त्या सप्टेंबरात तिची मावसबहीण टिंकारा तिथंच पहिल्या वर्षाला आली. एकोणीस वर्षांची. विमानतळावर मावशीनं नेझाचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, “तुझ्या भरवशावर पाठवतेय हं.”

विद्यार्थ्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. तीन खोल्या, एक स्वयंपाकघर. तिसऱ्या खोलीत हिल्ला राहायची. ती तिथलीच, नर्सिंग शिकणारी. बोलणं बेताचं. दोन दिवस गप्प राहिली तरी रागावलेली नसायची.

पहिला महिना मजेत गेला. टिंकारा सगळ्यांची नक्कल करायची. गाळाच्या बरण्या फ्रिजमध्ये ठेवते म्हणून नेझाला ‘प्रोफेसरीणबाई’ म्हणायची. हिल्लाला काळ्या राईच्या पावावरून चिडवायची, की हा पाव खायचा असतो का दार अडवायला ठेवायचा असतो.

ऑक्टोबरात तिचे तास बुडायला लागले.

नोव्हेंबरात खोलीचा पडदा उघडायचा बंद झाला.

नेझानं जे सुचलं ते केलं. पांढऱ्या प्रकाशाचा दिवा आणला. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या. सकाळी ओटची पेज करून दारात ठेवायची आणि संध्याकाळी प्रयोगशाळेतून आली की विचारायची, जेवलीस का. आतून ‘हो’ यायचं. पेजेवर साय धरलेली असायची.

दर रविवारी मावशीचा फोन यायचा. ती एकच विचारायची, पोर हसते का गं?

हसते, असं नेझा सांगायची.

टिंकारा खोलीबाहेर यायची ती फक्त शनिवारी. सौनासाठी, म्हणजे तिथल्या वाफेच्या स्नानासाठी.

इमारतीच्या तळघरात सौना होता आणि प्रत्येक घराचा तास ठरलेला होता. यांचा शनिवारी चारचा. न्याहारीला न उठणारी मुलगी त्या दिवशी टॉवेल खांद्यावर टाकून वेळेआधीच दाराशी उभी असायची. खाली जाऊन आली की गालांवर रंग यायचा, एखादं बिस्किटही खायची. नेझाला तेवढंच पुष्कळ होतं.

सौनात कसं वागायचं ते हिल्लानं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. चर्चमध्ये वागतो तसं. मोठ्यानं बोलायचं नाही. कुणाकडे बघत बसायचं नाही. नाव-गाव विचारायचं नाही. आणि कुणी आत आलं की सरकायचं. मग ते कुणीही असो, त्याला जागा द्यायचीच.

नेझाला सहा नंबरचा चष्मा होता. सौनात चष्मा नेता येत नाही. काड्या तापतात आणि काचांवर वाफ धरते. त्यामुळे आत तिला माणसं दिसायची नाहीत, नुसते आकार दिसायचे. फळीखाली एक मिणमिणता दिवा, तापलेल्या दगडांची शेगडी, पाण्याची बादली, लाकडी ओगराळं... आणि आकार.

एक हिल्ला, खालच्या फळीवर, वरच्यांकडे पाठ करून.

एक टिंकारा, वरच्या फळीवर.

आणि एक... टिंकाराच्या पलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात.

हिल्लाची कुणी मैत्रीण असेल, असं नेझाला वाटलं. विचारायचं नसतंच. तिनं विचारलं नाही.

ती बाई यांच्या आधी येऊन बसलेली असायची. कधी कधी दगडांवर पाणी पडल्याचा आवाज व्हायचा... चर्रर्र... आणि बादलीजवळ कुणाचाच हात नसायचा. निदान नेझाला तरी दिसायचा नाही. पण सहा नंबरच्या डोळ्यांचा काय भरवसा?

टिंकारा सगळ्यांच्या मागून वर घरी यायची.

एकदा ती आपणहून म्हणाली, त्या बाईंनी आज पाठ चोळून दिली. नेझा म्हणाली, बरं झालं.

“त्या मला विचारतात.”

“काय?”

“कशी आहेस म्हणून.”

नेझाला हायसं वाटलं. चला, कुणाशी तरी बोलते आहे.

मग तो शेवटचा आठवडा आला. शुक्रवारी नेझानं फ्रिज उघडला तर टिंकाराचा कप्पा रिकामा. पुसून लख्ख केलेला. खोलीत डोकावली तर कपड्यांच्या घड्या झालेल्या, पलंगावर चादर ताणून बसवलेली. महिन्याभरात पहिल्यांदाच पडदा उघडा होता.

“घरी निघालीस का?” तिनं विचारलं.

“उद्या.”

“तिकीट काढलंस?”

“त्या बाई नेणारेत मला.”

विमानतळापर्यंत गाडीनं सोडणार असतील, असं नेझाला वाटलं. निदान पोर मावशीच्या हाती पोचेल. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

शनिवारी दुपारी नेझा आणि हिल्ला स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. हिल्ला जरा घुटमळली. मग म्हणाली, रागावू नकोस, पण आज तुमच्या पाहुणीला थोडं अलीकडे बसायला सांगशील का? कोपऱ्यातली फळी कुजायला आली आहे, मोडेल एखाद दिवशी.

नेझानं सुरी खाली ठेवली.

“आमची पाहुणी? ती तुझी ना?”

“माझी नाही.”



“पण ती तुमच्या भाषेत बोलते,” हिल्ला म्हणाली. “टिंकाराशी. मी ऐकलंय. म्हणून तर मला वाटलं की तुमची मावशी वगैरे असेल.”

“नाही... ती फिनिशमध्ये बोलते. म्हणूनच मला धड कळत नाही.”

बटाट्याचं साल हिल्लाच्या सुरीला लोंबत राहिलं.

मग नेझानं दाराकडे पाहिलं. खुंटीवर तीन टॉवेल असायचे.

दोनच होते.

अजून यांचा तास सुरू व्हायचा होता. त्या जिन्यानं धावत खाली गेल्या. कपडे बदलायच्या खोलीत टिंकाराचे कपडे होते, घडी करून ठेवलेले. वर तिचं घड्याळ. खाली सपातांचा एकच जोड.

न्हाणीची फरशी कोरडी होती.

आतून आवाज आला... चर्रर्र.

थोडं थांबून पुन्हा... चर्रर्र.

सौनाच्या दाराला कडी नसते. आतूनही नाही, बाहेरूनही नाही. माणूस आत अडकू नये म्हणून. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, नुसतं ओढायचं असतं.

नेझानं ओढलं.

उघडलं नाही.

पुन्हा ओढलं. दार बोटभर बाहेर आलं... आणि सावकाश मागे गेलं. ओलाव्यानं फुगलेलं लाकूड अडकतं तेव्हा हलतसुद्धा नाही, हे तिला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. कुणीतरी दार धरलं होतं. झटका नाही, राग नाही. नुसतं धरलं होतं.

आतून टिंकाराचा आवाज आला. शांत. कुणाच्या तरी प्रश्नांना उत्तरं दिल्यासारखा.

“नाही... आईला नाही सांगितलं.”

मग शांतता. विचारणाऱ्याचा आवाज नाहीच.

“नेझालाही नाही. तिला वेळ नसतो.”

पुन्हा शांतता.

“हो. झालंय माझं सगळं.”

नेझा दारावर मुठी आपटायला लागली. टिंकाराला हाका मारल्या. आतलं बोलणं तिच्या हाकांनी थांबलंही नाही.

तेव्हा हिल्लानं तिचा हात धरून बाजूला केला. ओले हात पॅन्टला पुसले. दारासमोर सरळ उभी राहिली, आणि वडीलधाऱ्या बाईशी बोलावं तशी, हळू आवाजात, आपल्या भाषेत बोलली. तेवढं फिनिश नेझाला कळत होतं.

“जरा सरकता का? आम्ही दोघी आहोत. आम्हालाही बसायचंय.”

आत सगळं थांबलं.

पाणी थांबलं. बोलणं थांबलं.

मग... फळी करकरली. बसलेलं कुणी अंग उचलून बाजूला सरकावं, तशी.

नेझानं दार ओढलं. ते अलगद हातात आलं.

या वेळी तिच्या डोळ्यांवर चष्मा होता. क्षणभरच, काचा धुरकट व्हायच्या आधी, तिला ती खोली पहिल्यांदा स्वच्छ दिसली. वरच्या फळीवर टिंकारा होती. एकटी. तिरकी बसलेली... डोकं एका बाजूला टेकलेलं. खांदा असतो तेवढ्या उंचीवर.

तिथं काहीच नव्हतं.

मग काचांवर वाफ आली. तिनं चष्मा काढला.

आणि आकार दोन दिसले.

डोळे तेच, खोली तीच. चष्म्यातून एक, चष्म्याशिवाय दोन.

नेझा अंगातल्या स्वेटरसकट वर चढली आणि टिंकाराच्या अलीकडे बसली. मुद्दाम पलीकडे पाहिलं नाही. तिचा हात हातात घेतला. एवढ्या धगीत तो सरोवराच्या पाण्यासारखा गार होता.

“चल वर,” ती म्हणाली.

“कशाला?”

नेझाकडे उत्तरं होती. परीक्षा होती, मावशी होती, गॅसवर... नाही, गॅसवर काही नव्हतं. ती सगळी उत्तरं त्या उकाड्यात कुठच्या कुठे गेली.

“मला इथं आपल्या भाषेत बोलायला कुणी नाही,” ती शेवटी म्हणाली. “तू आलीस म्हणून बोलते. तू नव्हतीस तेव्हा गाळाच्या बरण्यांशी बोलायचे. खरंच. त्यांना नावंसुद्धा ठेवली होती.”



बराच वेळ तिघी तशाच. का चौघी... कोण जाणे.

नेझाच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या. डोकं गरगरायला लागलं. हिल्ला खाली उभी होती, वर न बघता. टिंकाराचा हात सोडायचा नाही, एवढंच नेझाला कळत होतं. इथं चक्कर येऊन पडलो तरी सोडायचा नाही.

“प्रोफेसरीणबाई,” टिंकारा पुटपुटली, “तुझ्या स्वेटरला ओल्या मेंढीचा वास येतोय.”

आणि ती उठली.

बाहेर जाताना हिल्लानं एक गोष्ट केली. ओगराळंभर पाणी घेऊन दगडांवर टाकलं, कोपऱ्याकडे बघून मान लववली, आणि दार लोटून घेतलं. असं का केलंस, म्हणून नेझानं जिन्यात विचारलं.

“तिनं जागा दिली ना,” हिल्ला म्हणाली.

त्याच संध्याकाळी नेझानं मावशीला खरं ते सांगितलं. सोमवारी टिंकाराला डॉक्टरांकडे नेलं, पुढच्या आठवड्यात मावशी स्वतः येऊन लेकीला घेऊन गेली. हिवाळाभर टिंकारा घरी राहिली. औषधं घेतली. हळूहळू खायला लागली, हसायला लागली. नेझा आणि हिल्लानं शनिवारचा तास सोडून दिला.

नेझा दाराचा विचार करत राहिली. बोटभर उघडून मागे का गेलं? आतल्या गरम हवेचा दाब? वाकलेली बिजागरी? एकदा दिवसाउजेडी जाऊन तिनं दार पन्नासदा उघडलं आणि लावलं. एकदाही अडकलं नाही.

मे महिन्यात टिंकाराचा फोन आला. आवाज टवटवीत. सप्टेंबरात परत येतेय म्हणाली, वर्ष पुन्हा करणार. डॉक्टर हो म्हणालेत, आईही हो म्हणाली. खोली मात्र तीच हवी.

नेझा म्हणाली, दुसरं घर बघू. ती इमारत नको.

का, असं टिंकारानं विचारलं. तेव्हा इतके महिने न काढलेला विषय नेझानं काढला. तुला तिथं पुन्हा नेताना मला भीती वाटते, म्हणाली. त्या दिवशी दार किती ओढलं आम्ही. आतून धरून ठेवलं होतं तिनं.



“दार?” टिंकारा म्हणाली. “दार तर उघडंच होतं.”

नेझानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सताड उघडं. तुम्ही दोघी उंबऱ्याबाहेर उभ्या होतात. तू हवेत मुठी आपटत होतीस. येत का नाहीत या आत, म्हणून आम्ही कधीची वाट बघत होतो.”

आम्ही... असं म्हणाली ती. सहज.

सप्टेंबर जवळ आलाय. खोलीचं अजून ठरलेलं नाही. नेझानं फोनवर हो म्हटलेलं नाही, आणि नाही म्हणायला गेली की टिंकारा हसते... अगदी पूर्वीसारखी. मावशीला ज्या हसण्याची इतकी आस होती, तसंच.